नौकांचा चातुर्मास

पावसाळ्यात संचार करू नये, एका ठिकाणी राहावे, हा नियम आपल्या शास्त्रकारांनी संन्याशांस घालून दिला आहे. संन्यासी हा चातुर्मास पुष्कळदा दोनच महिन्यांत आटोपतात. पक्ष हाच मास मानून चार पक्ष एका स्थळी काढले म्हणजे नियम पाळला गेला, असे ते समजतात. मुंबईच्या किनाऱ्यावर असाच चार पक्षांचा चातुर्मास पाळणारा आणखी एक वर्ग आहे. तो म्हणजे कोळी बांधवांच्या नौका. यतीस मठ मिळतो, निदान देवळाची ओसरी तरी मिळते. परंतु ज्या शहरात पाठ टेकण्यापुरती जागा मिळविताना माणसाचे आयुष्य खर्ची पडते, तेथे तीस-चाळीस फूट लांबीची नौका दोन महिने ठेवावी कोठे, हा प्रश्न आमच्या मनात बरेच दिवस घोळत होता. म्हणून मृग लागण्याच्या सुमारास आम्ही वरळी, माहीम, वेसावे व ससून गोदी ही ठिकाणे मुद्दाम पाहून आलो.

या विश्रांतीचे कारण दुहेरी आहे. नैर्ऋत्येचा वारा सुटला म्हणजे समुद्र खवळतो. शिवाय हाच काळ पुष्कळ माशांच्या विणीचा. पूर्वी ही बंदी रूढीची होती, आता ती कायद्याचीही आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यंत्राच्या नौकांनी मासेमारीस जावयाचे नाही, असे २०१५ पासून ठरले. त्यापूर्वी ही मुदत ४७ दिवसांची होती. रूढीप्रमाणे मात्र खरी सुटका नारळी पौर्णिमेसच.

नौका किनाऱ्यावर घेणे हे काम वाटते तितके सोपे नाही. त्यास उधाणाची भरती साधावी लागते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास मुंबईस भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते, आणि पावसाळ्यातील मोठ्या उधाणास पाणी साडेचार मीटरांवर चढते. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरील जुना हिशेब. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. वर्गात त्रैराशिक शिकविताना आम्ही हे उदाहरण नेहमी घालीत असू, आणि सोडवावयास मुलांना फार आवडे. पाणी पुरेसे चढले की नौका शक्य तितकी वर आणतात, नाळेस दोर बांधतात, खाली लाकडी ओंडके घालतात आणि दहा-वीस माणसे एका सुरात ओढू लागतात. हल्ली पुष्कळ ठिकाणी क्रेन किंवा ट्रॅक्टर लावतात. मग दोन्ही बाजूंस टेकू देऊन नौका उभी करावयाची, तळास चिकटलेले कवचाचे जीव खरवडून काढावयाचे, फळ्यांच्या सांध्यांत कापूस भरावयाचा, यंत्र उतरवून घरात न्यावयाचे, आणि सरतेशेवटी ती शाकारावयाची.

‘शाकारणे’ हा शब्द ऐकून आम्ही थबकलो. घर शाकारतात हे कोकणात जन्मलेल्यास सांगावयास नको; पण नौकेसही तोच शब्द! वरळीस एक वृद्ध नाखवा झाप बांधीत होते. त्यांना आम्ही विचारले, “नाखवा, पाण्यात राहणाऱ्या लाकडास पावसाचे भय कसले?” ते हसून म्हणाले, “मास्तर, खारं पाणी लाकूड राखतं, गोडं पाणी कुजवतं. आन ऊन लागलं तर फळी आखडते, फट पडते. म्हनून वर छप्पर पायजे.” एका वाक्यात केवढे पदार्थविज्ञान! फार दिवस कोरडी राहिलेली लाकडी नौका पुन्हा पाण्यात सोडली की आरंभी थोडी गळते; लाकूड फुगले म्हणजे सांधे आपोआप मिटतात. हल्ली काचतंतूच्या नौका आल्या, त्यांना हे दुखणे नाही. झापांच्या जागी निळी ताडपत्रीही आली आहे. ती दिसावयास ओबडधोबड, परंतु पावसाला पुरून उरते.

आता जागेकडे वळू. वरळीच्या कोळीवाड्यात गोलफादेवीच्या टेकडीखाली घरे एकमेकांस इतकी खेटून आहेत की गल्लीत छत्री उघडताना विचार करावा लागतो. समोर २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू, मागे गगनचुंबी इमारती, आणि मध्ये पाण्याच्या कडेला मिळेल त्या पट्टीवर दाटीने उभ्या केलेल्या नौका. दोन नौकांत एक माणूस आडवा होऊन जाईल एवढेच अंतर. तरीही कोणती जागा कोणाची, याचा तंटा आमच्या दृष्टीस पडला नाही. अमुक ठिकाण अमुक घराचे, हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेले. कागद मात्र कोणापाशीच नाही.

आणि खरे दुखणे येथेच आहे. जी पट्टी पावसाळ्यात नौकांची, तीच उरलेले आठ महिने मासळी वाळविण्याची. वेसावे व मढ येथे बांबूंच्या वलांडींवर बोंबलांच्या माळा लटकतात त्या याच जागांवर. (आमच्यासारख्या शाकाहारी माणसाच्या घ्राणेंद्रियाची तेथे परीक्षा होते, हे कबूल करतो, पण तो दोष नाकाचा, जागेचा नव्हे.) बोंबील काढले आणि नौका अजून आल्या नाहीत, अशा मधल्या चार दिवसांत कोणी नकाशे करणारा तेथे आला, तर त्याला दिसते ती रिकामी वाळू. मुंबईत रिकामी दिसणारी जागा रिकामी राहत नाही. किनाऱ्याच्या रक्षणाचे नियम १९९१ साली प्रथम आले, आणि २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचा स्वतंत्र विचार झाला. तथापि कोळीवाड्याची हद्द आखताना घरांबरोबर नौका लावण्याची व मासळी वाळविण्याची जागाही मोजा, ही कोळ्यांची मागणी फार जुनी आहे. आमच्या मते ती अगदी रास्त आहे. शेतकऱ्याचे खळे कोणी पडीक जमीन म्हणून लिहीत नाही.

जागा मिळाली तरी तीपर्यंत येण्याची वाट हवी. किनारी मार्गाच्या पुलाचे खांब वरळीस ६० मीटर अंतराने उभे राहावयाचे होते. त्यांतून वाऱ्या-लाटांत नौका नेणे धोक्याचे, म्हणून कोळ्यांनी काम अडविले. अखेर २०२२ च्या शेवटी ते अंतर १२० मीटर करण्याचे शासनाने मान्य केले. मागणी याहून अधिक अंतराची होती.

ससून गोदीचा प्रकार निराळा. १८७५ साली बांधलेल्या या गोदीत मोठे ट्रॉलर किनाऱ्यावर न ओढता पाण्यातच उभे करतात, इतके लगट करून की पहिल्यावरून शेवटच्यापर्यंत पाय न भिजविता जाता यावे. ही दाटी कमी करण्यासाठी उरणनजीक करंजा येथे नवे मत्स्यबंदर उभारण्यात आले. अपोलो बंदरासमोर हौशी श्रीमंतांच्या शिडाच्या नौका डोलतात, त्याही पावसाळ्यात पाण्याबाहेर निघतात. तेथील नौकानयन मंडळ १८४६ पासूनचे. त्यांची व्यवस्था ते पाहतील.

मे महिन्याचे उत्तरार्ध हे सर्वांत नाजूक दिवस. शेवटच्या फेऱ्या चालू असतात आणि नौका अजून पाण्यात असतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले ते नेमके अशाच वेळी; किनाऱ्यालगत नांगरलेल्या पुष्कळ नौकांची मोडतोड झाली. वादळाची सूचना आता दोन-तीन दिवस आधी मिळते, हे खरे. पण सूचना मिळाल्यावर एका भरतीत सगळ्या नौका वर घ्यावयाच्या, तर तेवढी मोकळी वाळू आधीपासून राखलेली असावी लागते.

श्रावणी पौर्णिमेस नारळ वाहून झाला म्हणजे ताडपत्र्या सुटतात, टेकू निघतात, आणि नौका एकेक करून उतरणीस लागतात. त्यांच्या तळाचे लांब चर वाळूत एक-दोन भरत्यांपर्यंत दिसतात. मग बायका येतात, जागा झाडतात, आणि बांबू रोवण्यासाठी खड्डे खणू लागतात.