मास्टर विठ्ठलचं देणं

मुलाकडे बेंगळुरात, बेळ्ळंदूरला राहायला आले तेव्हा मला पासष्टावं लागलं होतं. कोल्हापुरात तीस वर्षं शाळेत शिकवलं. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत जायचा. इथं लिफ्टमध्ये शेजारीण काही विचारायची आणि मी नुसती हसायचे. कन्नडचा गंध नाही, इंग्रजी वाचता येतं पण तोंडातून फुटत नाही, आणि माझी हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी ‘है’. दुपारभर बाल्कनीत बसायचं. वारा फिरला की तळ्याचा वास घरात, मग दार लावून घ्यायचं.

अशाच एका दुपारी मास्टर विठ्ठल आठवला.

आमचे आबा शिंपी. मशिनवर पाय चालू असला की तोंडानं सिनेमा चालू. विठ्ठल त्यांचा लाडका. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’त तो पहिल्यांदा पडद्यावर आला, तोही नाचणारीच्या वेशात! पुढं मुंबईला शारदा कंपनीच्या मूकपटांत त्यानं अशा उड्या मारल्या, अशी तलवार फिरवली, की लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. मग अर्देशीर इराणींनी ‘आलम आरा’साठी त्याला आपल्या इंपीरियल कंपनीत ओढलं. शारदानं करार मोडला म्हणून दावा लावला. विठ्ठलच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर जिना, आणि जिंकले.

एवढं रामायण होऊन गडी कॅमेऱ्यापुढं आला, आणि उर्दू जिभेवर बसेना. पारशी रंगभूमीवरचं नाटक, राजवाड्यातली भाषा. आमच्या माणसाच्या तोंडात ते ‘क़’ आणि ‘ग़’ कुठून यायचे? शेवटी तोड निघाली ती अशी, की त्याचा राजपुत्र बराचसा वेळ बेशुद्धीत किंवा गुंगीत दाखवायचा. १४ मार्च १९३१ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये देशाचा पहिला बोलपट लागला. जुबेदा बोलली, पृथ्वीराज बोलला, फकिरानं गाणं म्हटलं, आणि नायक ग्लानीत पडून राहिला. या चित्रपटाची एकही प्रत आज उरलेली नाही, म्हणून बिचाऱ्याचे उच्चार किती वाईट होते याचा पंचनामा कुणाला करता येत नाही. मला याचा उगाच आनंद होतो.

आबा हे सांगताना पोट धरून हसायचे. मी लहानपणी त्यांच्याबरोबर हसले. बेळ्ळंदूरच्या बाल्कनीत हसू आलं नाही. सोबत मिळाल्यासारखं वाटलं. त्या आधाराचं देणं मी अजून फेडते आहे.

फेडायला सुरुवात झाली ती सोसायटीच्या फाटकाबाहेरच्या शहाळेवाल्यापाशी. म्हातारा, दखनी उर्दू बोलणारा. ‘‘मलाई होना क्या?’’ मी घाईत म्हणाले, ‘‘नको.’’

‘‘नक्को? अच्छा, नक्को,’’ म्हणून त्यानं पातळ पाण्याचं शहाळं निवडलं.

मी बघतच राहिले. आपलंच ‘नको’, दखनीत जाऊन शेकडो वर्षं नांदलेलं, इथं कोयत्याच्या टोकावर भेटलं. इराणीशेठनं राजवाड्यातल्या उर्दूऐवजी ही उर्दू घेतली असती, तर विठ्ठलला झोपवावं लागलं नसतं.

त्या दिवशी शहाळं संपलं तरी मी हलले नाही. माझ्या ‘है’वाल्या मराठीत त्याला सगळं सांगितलं. हेही सांगितलं की तुमचा पहिला कन्नड बोलपट, ‘सती सुलोचना’, आमच्या कोल्हापुरात छत्रपती सिनेटोनमध्ये तयार झाला आणि १९३४ला बेंगळुरात लागला. त्याचा विश्वास बसेना. दोन गिऱ्हाइकं ताटकळली, एक निघून गेलं. त्याचं चित्त मात्र राजपुत्रात अडकलेलं.

‘‘फिर होश आया क्या उसको?’’

‘‘आया ना,’’ मी म्हटलं. ‘‘आठ साल के बाद. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’. मराठीत बोला वो.’’

त्यानं कोयता खाली ठेवला आणि बसायला रिकामा क्रेट पुढं सरकवला.