मामांचे चिरूट

नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागले की पस्तीसेक किलोमीटरवर घोडेगाव येते. शनिशिंगणापूरला जाणारी मंडळी येथूनच वळतात, त्यामुळे बहुतेकांनी या गावाचा फाटाच काय तो पाहिलेला असतो. जनावरांच्या बाजाराचे आणि कांद्याच्या लिलावाचे हे गाव. माझे मामा येथे राहतात. दर पाडव्याला मी त्यांच्याकडे जातो आणि मुंबईहून पाच चिरूट नेतो.

पाच अशासाठी, की नगरच्या रणगाड्यांच्या केंद्रात मामांबरोबर नोकरी केलेले चार मित्र त्या रात्री येतात. वर्षातून एकच चिरूट. डॉक्टरांच्या मते तोही नको, आणि खरे त्यांचेच आहे. पण त्या रात्री त्यांना विचारतो कोण?

गेल्या वर्षी मी शहाणपणा केला. ताजे राहावेत म्हणून चिरूट आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवले. मामांनी पेटवला तो तडतडला, वरचे पान तडकले आणि त्याचे तुकडे त्यांच्या धोतरावर पडले. बोलले काही नाहीत. शेवटपर्यंत ओढला.

दुसऱ्या दिवशी कांद्याच्या चाळीपाशी मात्र शिकवणी झाली. "अरे, फ्रिजची हवा कोरडी. वरचा चकचकीत कागदही ओल धरून ठेवत नाही. कांद्याला काय लागतं? 65 ते 70 टक्के दमटपणा. जास्त झाला तर सडतो, कमी झाला तर वजन उतरतं. चिरुटालाही तेवढाच!" फरक इतकाच, की कांद्याला खेळती हवा हवी आणि चिरुटाला कोंडलेली. मुंबईत पाऊस 2200 मिलिमीटरच्या वर, नगरकडे जेमतेम साडेपाचशे-सहाशे. तिकडचे पान इकडे उघडे पडले की वाळणारच.

यंदा मी घट्ट झाकणाचा नवा स्टीलचा डबा घेतला. मामींनी चकलीचा देऊ केला होता, पण चिरूट वास फार लवकर ओढून घेतो. आत वाटीत ओला स्पंज, चिरुटाला न टेकणारा. पाणी ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतात ते, क्षार नसलेले. शेजारी दमटपणा दाखवणारे छोटे घड्याळ. ते खरे बोलते की नाही, हे मामांनी मिठावर तपासले: बाटलीच्या बुचात मीठ पाण्याने ओलसर करून घड्याळाबरोबर रात्रभर बंद ठेवले, सकाळी काटा 75 वर हवा. तो 72 वर होता. म्हणजे तीन मिळवायचे. शिंगणापूरला घरांना दारे नसण्याची परंपरा, आणि शेजारच्या गावी आम्ही झाकणाची फट शोधीत बसलो होतो!

पाडव्याच्या रात्री अंगणात खुर्च्या पाचच मांडल्या. पण आले एकटे हवालदारकाका. दोघे वर्षात गेले. तिसऱ्यांना मुलाने पुण्याला नेले. दोन चिरूट पेटले, छान एकसारखे जळले. फारसे कुणी बोलले नाही.

निजताना मामांनी उरलेले तीन डब्यात नीट लावले.

"पाच आणू नकोस आता. हे पुढल्या दिवाळीला होतील."

"पण मामा, उन्हाळा? पंचवीस अंशांवर गेलं की तंबाखूत किडे होतात म्हणे."

"रांजणाशेजारी ठेवीन. स्पंज तेवढा दर पंधरवड्याला बघायचा," ते म्हणाले, आणि झाकण दाबून बसवले.