इंजिनाची पहिली दहा सेकंदे

वाचकहो, ज्या घराचा संसार एका जुन्या ट्रकवर चालतो, त्या घरात पहाटेची एक वेळ अशी असते की सर्वांचे कान अंगणाकडे लागलेले असतात. गाडीवान सेल्फ मारतो, इंजिन एक-दोनदा कुंथते, मग पेट घेते, आणि रोजची ओळखीची धडधड ऐकू आली म्हणजे आतली माणसे आपापल्या कामाला लागतात. एखाद्या दिवशी मात्र त्या धडधडीत परकी खडखड मिसळते. मग चहा उतू गेला तरी कोणाला कळत नाही. हा लेख त्या खडखडीविषयी आहे. यंत्रविद्येचा मी पदवीधर नव्हे. इतरांनी लिहिलेले मराठीत आणणे हा माझा व्यवसाय. परंतु गेल्या हिवाळ्यात भिलाईच्या पावर हाउस भागात जे ऐकले व पाहिले, ते आपल्या उपयोगी पडेल असे वाटते.

दुर्गहून रायपूरकडे आगगाडीने निघाले की भिलाई नगरनंतर भिलाई पावर हाउस हे स्थानक येते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याने माणसे आणली, माणसांमागून बाजार आला आणि बाजारामागून ट्रक आले. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता, त्यामुळे विदर्भातील अनेक कुटुंबांना हा मुलूख कधी परका वाटला नाही. माझी थोरली बहीण याच वस्तीत नांदते. भाऊजींचा सहा सिलिंडरांचा एक डिझेल ट्रक आहे. वयाने वीस वर्षांच्या आसपास. गिट्टी, विटा, सिमेंट, जे भाडे मिळेल ते तो वाहतो.

त्या ट्रकचे इंजिन पहाटे सुरू होताना खडखडू लागले. भाऊजींनी तो एका गॅरेजात नेला. तेथे अर्ध्या तासात निदान झाले, की क्रँकची बेरिंगे गेली, इंजिन उतरवावे लागेल, क्रँक घासावा लागेल. खर्चाचा जो आकडा सांगण्यात आला तो भाचीच्या अभियांत्रिकीच्या दोन वर्षांच्या फीइतका होता. ताई काही बोलली नाही. कपाट उघडून तिने पासबुक तेवढे काढून ठेवले. त्या गॅरेजवाल्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. ट्रक तेथे पोचला तेव्हा चार कोस चालून तापलेला होता, आणि ज्या आवाजाची तक्रार होती तो तोवर निघून गेला होता. जो आवाज समोर नाही त्याविषयी माणूस अनुभवावरून बोलतो, आणि अनुभव नेहमी मोठ्या रोगाकडे झुकतो.

नंदिनी रस्त्याच्या बाजूला टिनाच्या शेडमध्ये एक वृद्ध मिस्त्री काम करतात. भाऊजी त्यांच्याकडे गेले आणि आवाज किती मोठा आहे हे हातवारे करून सांगू लागले. म्हाताऱ्याने त्यांना मध्येच थांबवले. "बड़ा-छोटा छोड़ो भैया. बंद कब होता है, ये बताओ." भाऊजींना ते सांगता येईना. तेव्हा मिस्त्रींनी गाडीला हातही लावला नाही. रात्रभर ट्रक उभा राहू द्या, कोणी किल्ली फिरवू नका, मी पहाटे येतो, एवढे बोलून त्यांनी आम्हाला वाटेला लावले.

ते साडेपाचला आले. पौषाची थंडी होती. विजेरी धरण्याचे काम माझ्याकडे आले. इंजिन सुरू करण्यापूर्वी त्यांनी तेल मोजण्याची पट्टी ओढून पातळी पाहिली, मग तेलाचा एक थेंब अंगठ्यावर चोळून उजेडात निरखला. बेरिंगचा धातू झिजून तेलात उतरत असेल तर तेथे बारीक चकाकी दिसते. तेल काळे होते, चकाकी नव्हती. मग त्यांनी भाऊजींना सेल्फ मारावयास सांगितले आणि स्वतः तेलाच्या दाबाच्या काट्याकडे पाहत मोठ्याने मोजू लागले. एक, दो, तीन, चार. चारला काटा उचलला आणि त्याच क्षणी खडखड थांबली.

वाचकहो, येथे थोडे आत डोकवावयास हवे. इंजिन बंद असते तेव्हा त्यातले तेल ओघळून खालच्या टाकीत उतरते. पंप फिरू लागला की ते पुन्हा वर चढते, आणि बेरिंग व फिरता दांडा यांच्यामध्ये तेलाचा पातळ पडदा धरला जातो. हा पडदा धरेपर्यंत धातूवर धातू वाजतो. सुदृढ इंजिनात हा अवधी क्षणाचा असतो. म्हणून काही फिल्टरांमध्ये एक रबरी झडप बसवलेली असते. फिल्टर तेलाने भरलेला राहावा, तेल मागे ओघळू नये, हे तिचे काम. भाऊजींनी मागच्या खेपेस बसवलेल्या स्वस्त फिल्टरातली झडप कडक होऊन तेल धरीत नव्हती. रोज पहाटे पंप आधी रिकामा फिल्टर भरी आणि मग बेरिंगांकडे वळे. चार सेकंदांचे ते कोरडे वाजणे निरुपद्रवी आहे असे मात्र समजू नये. वर्षभर ते चालू राहिले असते तर गॅरेजवाल्यांचे निदान खरे ठरले असते.

खडखड गेली, परंतु एक टिकटिक मागे उरली. आता टिकटिकीचे दोन प्रकार असतात. टॅपेटचे अंतर वाढले असेल तर शिवणयंत्रासारखी कोरडी टिकटिक येते. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिची लय इंजिनाच्या फेऱ्यांपेक्षा संथ भासते, आणि इंजिन तापले तरी ती सहसा पुरती जात नाही. येथली टिकटिक ओलसर होती, तिच्यात श्वास होता. मिस्त्रींनी धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या सांध्यापाशी विजेरी धरावयास लावली. तेथे पंख्यासारखी पसरलेली काजळीची रेघ होती. सांध्याची गॅस्केट जळाली होती. थंड असताना फटीतून वायू फुसफुसतो. दहा-पंधरा मिनिटांत लोखंड तापून फुगते, फट मिटते, आणि आवाज नाहीसा होतो.

सर्वांत खाली एक जाडसर ढबढब होती. भाऊजींचा चेहरा तिच्यामुळेच उतरला होता. मिस्त्रींनी मग ती परीक्षा केली जी जुन्या डिझेल इंजिनावरच करता येते. पंपाकडून प्रत्येक सिलिंडरकडे डिझेलची एक पोलादी नळी जाते. पाना घेऊन ते एकेका नळीचा नट किंचित सैल करीत. त्या सिलिंडरला डिझेल मिळेनासे होई, इंजिन अडखळे, आणि ते कान देत. एखाद्या सिलिंडरचे बेरिंग सैल असेल तर त्याचे इंधन तोडताच ठोका हलका होतो किंवा थांबतो. सहांपैकी कोठेही स्वच्छ असा फरक पडला नाही. तिसऱ्याला आणि पाचव्याला ढबढब थोडी मऊ झाली, इतकेच. हा प्रयोग घरी करू नये, हे येथेच सांगितले पाहिजे. त्या नळीतल्या डिझेलचा दाब इतका असतो की बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो, आणि तशी जखम वरून लहान दिसली तरी तिला ताबडतोब शस्त्रवैद्याकडे न्यावे लागते.

शेवटी त्यांनी लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या अंगाला टेकवले, मूठ कानाच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या वैद्याने कागदाची गुंडाळी रोग्याच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले, पुढे लाकडी नळी केली, आणि त्यातून स्टेथास्कोप निघाला. तो गृहस्थ बासरीही वाजवीत असे. आवाज कोठून येतो हे कळण्यासाठी मधली हवा टाळावी, एवढेच दोघांचेही तंत्र.

ढबढब पिस्टनची होती. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर ओतीव लोखंडाचा; उष्णतेने ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. थंड असताना झिजलेला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर डोलतो, तापला की अंग भरून बसतो. वीस मिनिटांनी ती ढबढबही विरली. "बूढ़ा आदमी सुबह खाँसता है," असे म्हणून मिस्त्रींनी हात पुसले. शिवाय थंडीत प्रत्येक डिझेल इंजिन काही काळ कर्कश वाजतेच. त्याला ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि तिच्यात इंधन सोडायचे, ही १८९७ साली रुडॉल्फ डीझेलने यशस्वी करून दाखवलेली युक्ती. धातू गार असला की दाबलेल्या हवेची उष्णता तो पिऊन टाकतो, इंधन पेटावयास विलंब होतो, आणि साचलेले इंधन एकदम पेटून ठोका देते.

इंग्रजी पुस्तकांत यांतल्या काही आवाजांना ‘नॉक’ हा शब्द भेटतो, आणि त्यापुढे विशेषण लावावे लागते. आपल्याकडे खडखड, टिकटिक, ढबढब, घरघर, किणकिण, फुसफुस हे शब्द आयते आहेत, आणि मिस्त्रीपुढे ते नेमके वापरले तर निम्मे काम होते. पट्टा सैल असेल तर सुरू होताच कुईऽ असा आवाज येतो आणि बॅटरी थोडी भरली की थांबतो. पाण्याच्या पंपाचे बेरिंग जात असेल तर घरघरते. सेल्फचे दाते नीट न अडकता घासले तर चर्र होते. नुसते कट्‌ वाजून पुढे काही न झाल्यास आधी बॅटरी व तिच्या तारा पाहाव्यात. ताईला ट्रक चालवता येत नाही, पण आता स्वयंपाकघरातून ती सेकंद मोजते आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवते. नव्या ट्रकांना संगणक जोडून दोषाचा क्रमांक वाचता येतो हे खरे. तथापि फुटलेल्या गॅस्केटचा श्वास बहुधा कानालाच आधी कळतो.

त्याच दिवशी दुपारी मिस्त्रींच्या शेडसमोर दुसरा एक ट्रक येऊन उभा राहिला. तो पहाटे गप्प असे, आणि तापल्यावर, चढावर, भार पडला की ठकठक करी. तेल पातळ झाले की दाबाचा काटा खाली बसे. मिस्त्रींनी तो दहा पावले आत घेण्यापुरताही सुरू करू दिला नाही. "चाबी निकालो," म्हणाले, आणि चौघांनी ढकलून तो शेडमध्ये नेला. तेथे कनेक्टिंग रॉडचे बेरिंग खरोखरच गेले होते. आणखी थोडा चालता तर दांडा तुटून इंजिनाचे अंग फोडून बाहेर येण्याचा संभव होता.

भाऊजींच्या ट्रकला चांगला फिल्टर आणि गॅस्केट बसली. खडखड चारांवरून एका सेकंदावर आली. पिस्टन तसेच आहेत. ढबढब तापल्यावरही राहू लागली किंवा तेल अधिक जळू लागले की इंजिन उघडावे लागेल, असे मिस्त्रींनी स्वच्छ सांगितले आहे. त्या खर्चासाठी भाऊजी आता दर भाड्यातून काही रक्कम बाजूला टाकतात. भाचीची फी वेळेवर भरली गेली.