गोगलगाय दोहणारं गाव

मेक्सिकोच्या दक्षिणेला, पॅसिफिक समुद्राच्या बाजूने वाहाका नावाचं राज्य आहे. तिथल्या पिनोतेपा दे दॉन लुईस या गावच्या मिश्तेक बायका लुगड्याच्या जातीचंच एक वस्त्र कमरेला गुंडाळतात. त्याला म्हणतात पोसावांको. कमरेला पट्टा बांधून बसायच्या छोट्या मागावर त्या ते स्वतःच विणतात. त्यावरचे आडवे पट्टे तीन रंगांचे. लाल रंग निवडुंगावरच्या किड्यांचा, निळा नीळीच्या झाडाचा आणि जांभळा चक्क समुद्रातल्या गोगलगायीचा!

हा जांभळा आणणं पुरुषांकडे. ऑक्टोबर ते मार्च, ओहोटी साधून ते वातुल्कोच्या खडकांवर उतरतात. पूर्वी तिथवर कित्येक दिवस पायी जात. ओल्या सुताची लड हातात अडकवायची, कपारीतली गोगलगाय काडीने अलगद सोडवायची, जराशी दाबायची किंवा फुंकर घालायची, की दुधासारखा रस पाझरतो. तो लडीवर घ्यायचा आणि गोगलगाय परत ओल्या सावलीत ठेवून द्यायची. दुभत्या गाईला जपावं तसंच! पुढे महिनाभर तिला हात लावायचा नाही.

गंमत तर पुढेच आहे. हा पांढरा रस उन्हावाऱ्यात आधी पिवळा, मग हिरवा आणि पाहता पाहता जांभळा होतो. उजेड आणि हवेतला प्राणवायू ही करामत करतात. तयार होणारा रंग हा नीळीचा सख्खा भाऊच. फक्त त्याच्या रेणूत हायड्रोजनच्या दोन अणूंच्या जागी ब्रोमीनचे दोन अणू असतात, आणि हे ब्रोमीन समुद्राच्या पाण्यातलं. रंग धाग्यातच तयार होऊन बसतो, पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे तुरटी नको की चुलीवरचं उकळणं नको. धुऊन तो जात नाही. त्याचा लसणीसारखा उग्र वासही जात नाही म्हणा!

रोमन बादशहांची जांभळी वस्त्रंही अशाच रंगाची. तो लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या टायर शहरात काढत, पण तिथे शंख फोडून जीवच घेत. १९०९ साली फ्रीडलेंडर या रसायनतज्ज्ञाने भूमध्य समुद्रातल्या १२,००० गोगलगायी वापरल्या, तेव्हा हाती आला १.४ ग्रॅम रंग! मला तर बादशहांच्या रंगाऱ्यांपेक्षा हे मिश्तेक शहाणे वाटतात.

पण १९८०च्या सुमारास एका परदेशी कंपनीला या रंगाचा मोह पडला. तिच्या अननुभवी माणसांनी गोगलगायी पुन्हापुन्हा पिळल्या, विश्रांती दिलीच नाही. हजारो मेल्या. मिश्तेकांनी तक्रारी केल्या, तेव्हा १९८८ साली सरकारने गोगलगायीला संरक्षण दिलं. तरी चोरून पकडून खाणारे आहेतच, आणि जुने जाणते रंगारी आता मोजकेच उरलेत. त्यामुळे खरं सूत महाग पडतं. पुष्कळजणी बाजारातलं जांभळं सूतच विणायला घेतात. त्याला वास येत नाही.