घास आणि मात्रा

मराठीतील अन्नविषयक क्रियापदे पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. आपण जेवतो त्याहून अधिक वेळा जेवू घालतो, वाढतो, भरवतो, आग्रह करतो. ‘घास’ हा शब्द तर बहुधा एकटा येतच नाही. काऊचा, चिऊचा, गाईचा असा तो कोणाच्या तरी नावाने येतो. माप मात्र या शब्दाच्या वाट्याला फारसे आलेले नाही. ‘चार घास’ म्हणजे नेमके चार नव्हेत, आणि ‘पोटभर’ म्हणजे किती हे पुष्कळदा वाढणाराच ठरवतो. मोजून वाढणे हे आपल्याकडे कद्रूपणाचे लक्षण. मात्रा असते ती औषधाची. अन्नाला असते ती माया. अतिदक्षता विभागात हा भेद पुसला जातो, आणि तो पुसला जाणे आप्तांना फार जड जाते.

माझी थोरली बहीण, आम्हा भावंडांची अक्का, जयपूरच्या सांगानेर भागात राहते. भाऊजी तेथील विमानतळावर नोकरीला होते. निवृत्तीनंतरही ते कुटुंब ठसेछपाईच्या आणि हातकागदाच्या त्या गावातच राहिले. अक्काच्या दारातून कोणी उपाशी परतल्याचे मला स्मरत नाही. काही वर्षांपूर्वी स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने तिला शहरातील एका रुग्णालयात हलवावे लागले. एकोणीस दिवस ती अतिदक्षता विभागात होती. त्यांतले बारा दिवस कृत्रिम श्वासयंत्रावर.

दुसऱ्या दिवशी तिच्या नाकातून नळी घालण्यात आली. या आजारात पूर्वी रुग्णाला दीर्घकाळ उपाशी ठेवीत. आता शक्यतो तसे करीत नाहीत. कारण आतडे रिकामे राहिले की त्याचे अस्तर दुबळे होते आणि तेथील जंतूंना शरीरात शिरण्यास वाट मिळते. पंपावर आकडा होता ताशी २० मिलिलिटर. एका मिलिलिटरमध्ये साधारण एक किलोकॅलरी, म्हणजे दिवसभरात ४८०. वजन ५२ किलो. किलोमागे २५ हा सर्वसाधारण हिशेब धरला, तर हवे होते १३००. माझ्या भाचीने हा गुणाकार कागदावर केला आणि म्हणाली, “मामा, आईला इथं उपाशी ठेवतायत.” शेजारच्या वृद्ध बाईंनी मुगाच्या डाळीचे निवळ पाणी थर्मासमधून पाठवले होते, तेही दारावरून परत आले.

भाचीच्या गुणाकारात चूक नव्हती. परंतु ते गणित निरोगी देहाचे होते. गंभीर आजारात शरीर स्वतःलाच जाळू लागते. स्नायूंतील प्रथिने मोडून ते आपला निर्वाह करते, आणि बाहेरून कितीही अन्न ओतले तरी पहिल्या काही दिवसांत ही मोडतोड थांबत नाही. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचा छेद दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. अशा वेळी जठर मंदावलेले असते. त्यात अधिक ओतले तर ते वर येऊन फुप्फुसात उतरण्याचे भय. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्याला एकदम अन्न दिले, तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम वेगाने खाली येतात आणि हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या युद्धकैद्यांत डॉक्टरांनी हे पाहिले: उपासातून जगलेली माणसे जेवणाने दगावली.

१९६८ मध्ये अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, केवळ शिरेतून पोषण देऊनही कुत्र्याची पिल्ले वाढतात हे दाखवून दिले. ज्यांचे आतडे निकामी झाले आहे अशा असंख्य रुग्णांना त्यामुळे जीवदान मिळाले. पण साधन हाती आले की हात सढळ होतो. बेल्जियममधील ४६४० रुग्णांच्या अभ्यासाने २०११ साली या सढळपणाला प्रश्न विचारला. नळीतून कमी पडणारे पोषण काहींना आरंभापासूनच शिरेतून पुरवले, तर काहींच्या बाबतीत आठव्या दिवसापर्यंत थांबले. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. पण ज्यांच्या बाबतीत थांबले, त्यांना जंतुसंसर्ग कमी झाला आणि ते अतिदक्षता विभागातून लवकर बाहेर पडले.

हे सारे वाचताना मला चरकसंहितेचे स्मरण झाले. शोधनानंतर रुग्णाला आधी पेज, मग दाट पेज, मग कढण अशा क्रमाने आहारावर आणावे, असे तेथे सांगितले आहे. आणि दृष्टान्त आहे विस्तवाचा. बारीकसा विस्तव गवताने, गोवरीच्या चुऱ्याने हळूहळू चेतवावा, तसा जठराग्नी. चुलीशी बसलेल्या कोणत्याही बाईला हे ठाऊक होते की, ठिणगीवर ओंडका टाकला तर ती विझते. फॉस्फेटची मोजणी आधुनिक आहे. तिच्यामागचे शहाणपण जुने आहे.

भाचीला हे पटले ते युक्तिवादाने नव्हे. परिचारिका दर काही तासांनी येऊन खाटेचे डोके उंच आहे ना पाहते, नळी तपासते, अक्काचे कोरडे ओठ ओल्या बोळ्याने पुसते, हे ती काचेतून पाहत राहिली. पाचव्या दिवशी रात्री तिचा फोन आला: “मामा, आज ताशी चाळीस.” आम्हा दोघांनाही तो आकडा पंगतीच्या आग्रहासारखा वाटला.

शेजारच्या त्या बाई जैन. सांगानेरच्या संघीजींच्या मंदिरात नित्य जाणाऱ्या. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा व्रत बेकायदा ठरवले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. त्या दिवसांतली खळबळ त्यांनी पाहिलेली. त्या भाचीला म्हणाल्या, “तुझ्या आईनं अन्न सोडलेलं नाही, ते सुटलंय.” सोडणे आणि सुटणे यांतले अंतर व्याकरणात एका प्रयोगाचे, माणसाच्या बाबतीत ते इच्छेचे आहे. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न सोडले, तेव्हा त्यांची इच्छा सर्वांना ठाऊक होती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणावर असलेल्या अरुणा शानबाग यांची इच्छा कोणालाच विचारता येत नव्हती. तेथील परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या, अन्न कुस्करून, आपल्या हाताने त्यांना भरवले. आणि ते चालू ठेवावे की नाही, हा प्रश्न २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने त्या परिचारिकांचा शब्द मानला.

अक्का घरी आली ती नऊ किलो वजन गमावून. गिळणेही तिला नव्याने शिकावे लागले. दाट पेजेचा अर्धा चमचा, मग थांबणे, मग पुन्हा अर्धा. भाची चमचा हातात धरून आईच्या गळ्याकडे पाहत असे, आणि तो हलल्याशिवाय पुढचा चमचा उचलत नसे. मराठीत ‘वाढणे’ या एकाच शब्दाने ताटात अन्न घालणेही सांगितले जाते आणि वृद्धी पावणेही. पहिल्या वाढण्याने दुसरे आपोआप घडते, असे आपण गृहीत धरून असतो. त्या दोहोंच्या मध्ये खाणाऱ्याचा देह आहे, त्याची स्वतःची गती आहे, आणि वाढणाऱ्याने तिच्यासाठी थांबायचे असते.