आधी धोरण तपासा, मग माणूस

कार्यालयात काही हरवले की पहिला संशय कोणावर जातो, हे आपल्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. कपाटाची किल्ली असो, सेवापुस्तक असो की संगणकातली फाइल, "यांना जमत नाही", "सवलतीतून आलेत" ही वाक्ये तयारच असतात, फक्त निमित्त हवे असते. गुणवत्तेच्या नावाने चालणाऱ्या या बदनामीला भाषणांतून उत्तरे देऊन झाली. आज आम्ही तांत्रिक उत्तर देणार आहोत. एका निमशासकीय कार्यालयाचे संगणक सांभाळणारे आम्ही तिघे कंत्राटी कर्मचारी आहोत आणि हे प्रकरण आमच्याच टेबलावर आले होते.

आस्थापना शाखेतल्या एक ताई बिंदुनामावलीचे काम बघत. बिंदुनामावली म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. कोणते पद कोणत्या प्रवर्गाच्या बिंदूवर आहे, त्यावर आज कोण आहे, निवृत्तीनंतर ती जागा कोणत्या प्रवर्गाने भरायची, याचा तो हिशेब. 1995 च्या सबरवाल निकालाने बिंदू रिक्त जागेला नव्हे तर पदाला जोडला. त्यामुळे कोणत्या पदावरून कोण गेले ही नोंद पुसली गेली, तर त्या प्रवर्गाची जागा कागदावरूनच नाहीशी होऊ शकते. म्हणून ही फाइल म्हणजे कोणाच्या तरी मुलाची नोकरी आहे.

ताईंची बदली दुसऱ्या शाखेत झाली. सोमवारी नव्या टेबलावर त्यांनी लॉगिन केले, तर डॉक्युमेंट्स फोल्डर रिकामा. जुने रजिस्टर कपाटात होते, पण मागच्या तपासणीनंतरच्या नेमणुका, बढत्या आणि निवृत्त्या त्या एक्सेल फाइलीतच होत्या. मागासवर्ग कक्षाकडे तपासणीला जायचे, त्याला दोन दिवस उरले होते. दुपारपर्यंत कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा तयार झाला. 'हेतुपुरस्सर अथवा निष्काळजीपणाने फाइल नष्ट केली', असे त्यात लिहिले होते. आम्हाला बोलावणे आले ते त्यानंतर!

आम्ही ताईंना दोनच प्रश्न विचारले. "ताई, फाइल शेवटची कधी उघडली होती?" "शुक्रवारी संध्याकाळी, जुन्या टेबलावर." "त्यानंतर काय बदललं?" "काहीच नाही हो. फक्त माझी जागा बदलली."

उत्तर तिथेच होते.

मोठ्या कार्यालयात आपला डॉक्युमेंट्स फोल्डर बहुधा आपल्या संगणकात नसतोच. फोल्डर रिडायरेक्शन नावाच्या सोयीने तो सर्व्हरवर वळवलेला असतो. आपल्याला तो समोर दिसतो, पण फाइल दुसऱ्या खोलीतल्या यंत्रावर साठते. कोणाचा फोल्डर कुठे वळवायचा हे ग्रुप पॉलिसी ठरवते. ही पॉलिसी माणसाला लागत नाही, त्याच्या खात्याच्या जागेला लागते. सगळी खाती एका झाडासारखी मांडलेली असतात. वर मुख्य डोमेन, खाली शाखांचे ओयू, त्याखाली आणखी ओयू. वरचे नियम वारशाने खाली झिरपतात. दोन नियम भिडले तर सहसा खात्याच्या सर्वांत जवळच्या ओयूचा नियम चालतो. मात्र वरच्याने 'एन्फोर्स्ड' अशी खूण केली असेल, तर खालच्याला तो नाकारता येत नाही.

बदलीच्या आदेशानुसार शनिवारी ताईंचे खाते आस्थापनेच्या ओयूतून नव्या शाखेच्या ओयूत हलवले गेले होते. आम्ही त्यांच्याच लॉगिनमध्ये जीपीरिझल्ट ही कमांड चालवली. खाते झाडात कुठे बसले आहे आणि कोणत्या पॉलिसी लागू झाल्या आहेत, हे ती सांगते. फोल्डर वळवणारी आस्थापनेची पॉलिसी त्या यादीत नव्हतीच.

मग ती पॉलिसी उघडली. पॉलिसी निघून गेल्यावर फोल्डरचे काय करायचे, याचा एक पर्याय तिच्यात असतो. तिथे 'फोल्डर पुन्हा स्थानिक जागी न्या' असे निवडले होते. फोल्डरमधला मजकूरही हलवण्याची चौकट मात्र रिकामी होती. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की फोल्डर परत येतो आणि फाइली सर्व्हरवरच राहतात. वापरणाऱ्याला दिसतो तो रिकामा फोल्डर. हा नियम काही वर्षांपूर्वी कोणीतरी करून ठेवला होता. ताईंना तो कोणी सांगितला नव्हता आणि बदलीचा आदेश काढणाऱ्यांनाही तो ठाऊक नव्हता.

सर्व्हरवर ताईंच्या नावाचा फोल्डर जागेवरच होता. प्रशासकाच्या खात्याने उघडायला गेलो तर प्रवेश नाकारला. ही रचना मुळातली आहे. वळवलेल्या फोल्डरवर वापरणाऱ्याचाच एकट्याचा हक्क राहावा, अशी खूण पॉलिसीत आधीपासून असते. एका साहेबांनी सुचवले, "मालकी आपल्याकडे घ्या आणि उघडा." आम्ही नकार दिला. मालकी बदलली की फोल्डर कोणाच्या ताब्यात होता याचा पुरावा बिघडतो आणि ताईंचा स्वतःचा प्रवेशही बंद पडू शकतो. आम्ही ताईंनाच बसवले आणि सर्व्हरचा पूर्ण पत्ता टाइप करायला सांगितला. फोल्डर उघडला. बिंदुनामावलीच्या फाइलीवर शेवटच्या बदलाची नोंद होती, शुक्रवारची, संध्याकाळची. ज्यांच्यावर फाइल नष्ट केल्याचा ठपका येणार होता, त्या फाइलीवर अख्ख्या कार्यालयात त्यांच्याच नावाचा हक्क शाबूत होता!

नोटीस निघाली नाही आणि तपासणी वेळेवर झाली. मसुदा फाडला गेला, पण ताईंची माफी कोणी मागितली नाही.

फोल्डर रिकामा दिसण्याची, फाइल न सापडण्याची इतरही कारणे असतात. फोल्डर रिडायरेक्शन लॉगिनच्या वेळीच लागू होते आणि पटकन लॉगिन होण्याच्या सोयीमुळे कधीकधी दोनदा लॉगिन केल्याशिवाय बदल दिसत नाही. ऑफलाइन फाइल्सची सोय चालू असेल तर संगणक जुनीच प्रत दाखवत राहतो. सामायिक फोल्डरची परवानगी एक आणि डिस्कवरची परवानगी दुसरी, असे असेल तर दोन्हींतली कडक परवानगी लागू होते. जून 2016 मध्ये विंडोजचे एक सुरक्षा अपडेट आले. त्यानंतर वापरकर्त्याची पॉलिसी वाचण्याचा अधिकार संगणकाच्या खात्यालाही लागू लागला आणि काही ठिकाणी चालू असलेल्या पॉलिसी गुपचूप बंद पडल्या. यातल्या एकाही कारणाचा वापरणाऱ्याच्या हुशारीशी संबंध नाही.

आता कोणी म्हणेल, "तांत्रिक बाबीत जात कशाला आणता?" आम्ही आणली नाही. त्याच कार्यालयात एका वरिष्ठ साहेबांचा डेस्कटॉप असाच रिकामा झाला होता. तेव्हा वाक्य होते, "सर्व्हरचा प्रॉब्लेम दिसतो, जरा बघा." ताईंच्या वेळी वाक्य होते, "कोट्यातून आल्या की असंच होतं." बिघाड एकाच जातीचा, निदान मात्र माणसाची जात बघून! एकाच्या बाबतीत यंत्र दोषी, दुसऱ्याच्या बाबतीत जन्म दोषी. याला आम्ही काय म्हणायचे?

बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम माणसाला काय करायचे ते सांगून मोकळा होतो. तत्त्व माणसाला विचार करायला लावते आणि म्हणून जबाबदारही धरते. आपल्या कार्यालयांत नियम भरपूर आहेत. नियमाने नुकसान केले तर जबाब कोणी द्यायचा, हे मात्र कुठेच लिहिलेले नाही. म्हणून नियमाची शिक्षा त्याच्या सर्वांत खाली बसलेल्याला मिळते.

संगणकाच्या झाडाची आणि जातीच्या उतरंडीची तुलना आम्ही फार ताणणार नाही. कारण संगणकाचे झाड निदान प्रामाणिक आहे. कोणता नियम लागला, कुठून आला, हे विचारले की ते सांगते. चुकीचा नियम दहा मिनिटांत बदलता येतो आणि खाते एका ओयूतून दुसऱ्यात नेता येते. जातीच्या उतरंडीत यातले काहीही होत नाही. तिथे नियम कोणी केला हे विचारणाराच गुन्हेगार ठरतो.

म्हणून कार्यालयांत काम करणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींना आमचे सांगणे आहे. फाइल दिसेनाशी झाली तर घाबरून कबुली देऊ नका. जीपीरिझल्टचा अहवाल काढून मागा. बदली झाली असेल तर तुमचे खाते कधी आणि कोणत्या ओयूत हलवले, हे लेखी विचारा. बिंदुनामावलीच्या प्रत्येक बदलाची छापील, सही केलेली प्रत ठेवा. कार्यालयाने उत्तर दिले नाही तर 2005 चा माहितीचा अधिकार कायदा आहेच, अर्ज करा. आणि आपल्या मुलामुलींना नुसते टायपिंग शिकवून थांबू नका, सर्व्हर चालवायला शिकवा. ज्या खोलीत नियम लिहिले जातात त्या खोलीत आपला माणूस नसेल, तर नियमाने केलेला गुन्हा आपल्याच नावावर चढत राहील.

जय भीम!