देवबागच्या खळ्यात

खरे सांगायचे तर आम्ही देवबागला गेलो ते समुद्र पाहायला नव्हे, घरातले एक भांडण चार दिवस पुढे ढकलायला! त्याचे असे झाले. थोरल्या बंधूंच्या मागे त्यांची ठाण्याची दोन खोल्यांची जागा माझ्याकडे आली. चिरंजीवांनी लगेच बेत काढला, "बाबा, ही जागा आपण रात्रीच्या हिशेबाने पाहुण्यांना देऊ. सारा कारभार मोबाईलवर. आपल्याला डोंबिवलीहून तिकडे फिरकायचीसुद्धा गरज नाही." महिन्याच्या भाड्यापेक्षा दुप्पट पैसे येतील, असे गणितही त्यांनी मांडले. तिथल्या सोसायटीच्या सभेत मात्र तळमजल्यावरच्या काकू उठून म्हणाल्या, "रोज नवा माणूस जिन्यात भेटणार. पाहुणा कोण नि चोर कोण, आम्ही ओळखायचे कसे?" मला राग आला. जागा आमची, यांचे काय जाते? त्यावर सौभाग्यवती म्हणाली, "आधी आपण कुठे तरी पैसे देऊन पाहुणे होऊन बघू या. मग ठरवा."

रात्रीच्या गाडीने सकाळी कुडाळला उतरलो. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाल्यापासून हा प्रवास अगदी सुखाचा झाला आहे. मालवण, मग तारकर्ली आणि रस्ता जिथे संपतो तिथे देवबाग. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी! एका कुशीवर झोपावे तर समुद्राची गाज, दुसऱ्या कुशीवर वळावे तर होडीच्या वल्ह्याचा आवाज.

आमचे यजमान मासेमारी करणारे. घराच्या एका अंगाला त्यांनी दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या. सकाळी घावणे आणि खोबऱ्याची चटणी, दुपारी माशाची आमटी आणि सोलकढी. संध्याकाळी सारवलेल्या खळ्यात बसलो असता यजमानीणबाईंना मी सहज विचारले, "हे पैसे परवडतात का हो तुम्हांला?" त्यांनी बोटे मोडून हिशेब सांगितला. मासे वाडीतल्याच बाईकडचे. घावण्याचे पीठ दळून देते ती शेजारीण. चादरी धुणारी वेगळी आणि पाहुण्यांना संगमावर नेणारा होडीवाला तर त्यांचा पुतण्याच. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की हातात काही नसायचे. आता हंगामातले चार पैसे गाठीला राहतात आणि थोरली मुलगी मालवणला कॉलेजात जाते. माझ्या एका रात्रीच्या पैशाने अशी चार घरे हिंडून यावीत, याची मला मोठी मौज वाटली. सिंधुदुर्गाला १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केले, त्याचे फळ असे खळ्यात बसून दिसते.

दुसऱ्या रात्री मात्र नाण्याची दुसरी बाजू दिसली. कुंपणापलीकडचे घर कुणा शहरातल्या गृहस्थाने विकत घेतलेले. तिथे राहणारे कोणीच नाही. किल्ली दाराशी आकड्यांच्या कुलपात; पाहुणे येतात, आकडा फिरवतात आणि आत जातात. त्या रात्री वीस-पंचवीस तरुण मंडळी उतरली होती. दोन वाजेपर्यंत गाण्यांचा धुमाकूळ आणि विहिरीवरचा पंप अखंड चालू! तक्रार करावी तर कोणाकडे? मालकाचा फोन बंद.

सकाळी यजमानांची म्हातारी आई आपल्या विहिरीचे पाणी ओंजळीत घेऊन चाखत होती. अशा वाळूच्या पट्टीत गोडे पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. बेताने उपसावे तोवर ठीक. पंप लावून ओढले की खालचे खारे पाणी वर येते. आणि विहिरीला काही कुंपण कळत नाही. आजी म्हणाली, "पाहुणो उद्या जातलो. आमी खंय जातलव?"

या प्रश्नाला मला उत्तर देता येईना. ठाण्याच्या काकूंनी तरी दुसरे काय विचारले होते?

मग मनात आले, हे सारे बंदच करावे काय? पण मग मालवणला शिकणाऱ्या त्या मुलीचे काय? केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्यांची मर्यादा आहे आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहावे अशी अट आहे. मला ती अट फार शहाणपणाची वाटते. न्यूयॉर्क शहरानेही २०२३ पासून तोच धडा गिरवला: तीस दिवसांहून कमी मुक्काम असेल तर नोंदणी हवी, घरमालक घरात हवा आणि पाहुणे दोनच. बार्सिलोनाच्या महापौरांनी तर २०२४ साली जाहीर केले की, अशा दहा हजारांवर घरांचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत. कारण गावकऱ्यांनाच राहायला घरे मिळेनाशी झाली. आपल्या शेजारच्या गोव्यात पाहुणे ठेवणाऱ्याने नोंदणी करावी, हा कायदा १९८२ सालापासूनच आहे.

यजमानांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "नियम हवेतच. पण शंभर खोल्यांच्या हॉटेलाचे कागद माझ्या दोन खोल्यांना मागू नका." वाजवी बोलणे! लहानाला सोपी नोंदणी, मोठ्याला कडक तपासणी. विहीर आणि शोषखड्डा पाहून पाहुण्यांची संख्या ठरवावी आणि रात्री हाक मारली तर ओ देणारा माणूस जवळ असावा. याहून अधिक गावाने तरी काय मागावे?

निघताना आजीने आगळाची बाटली सौभाग्यवतीच्या हाती दिली. मी ठाण्याच्या जागेची गोष्ट सांगून तिचे मत विचारले. तिने क्षणभरही विचार केला नाही. "आधी घरात माणूस होयो, मगे पाहुणो."

परत आल्यावर ती जागा मी एका शिक्षकाच्या कुटुंबाला वर्षाच्या कराराने दिली. चिरंजीव दोन दिवस बोलले नाहीत. दर महिन्याचा तोटा त्यांनी कागदावर मांडून माझ्या चष्म्याच्या घराखाली ठेवला आहे. आकडा खरा आहे आणि तो मला टोचतोही. पण परवा त्या शिक्षकांच्या हाती एक डबा आला. त्यात करंज्या होत्या, तळमजल्यावरच्या काकूंच्या. चिरंजीवांनी त्यातल्या चार खाल्ल्या. हिशेब मात्र अजून फाडलेला नाही.